ठेवू की विकू

कुरणावरचं घर,
ता. ४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि तुझं ते यंत्र एकाच दिवशी पोचलं. पत्र मी वाचलं, यंत्र अप्पांनी उघडलं. तेव्हापासून अप्पा काही माझ्या हाती लागलेले नाहीत.

राग मानू नकोस, पण आधी भांडण उरकून घेते, मग ख्यालीखुशाली. फोनवरच भांडले असते, पण इथे रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. टाकीवर चढून भांडायचं माझं वय राहिलं नाही. अप्पा अजून दर रविवारी चढतात, ते तुझ्याशी गोड बोलायला.

तुला माहीत आहे, थंडी सरत आली की अप्पा सकाळी दोन कप चहा घेऊन कुंपणापाशी येतात. एक मला देतात. मग आम्ही दोघं फळीवर कोपर टेकून एकेक गाय बघतो. ही ठेवायची, ही काढायची, ही कालवड कळपात घ्यायची, ती नको. ते विचारतात, मी सांगते. कधी ऐकतात, कधी नाही, पण विचारतात मला. लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता मी इथे राहिले त्याला बाकीचे लोक काय काय कारणं देतात. खरं विचारशील तर त्या चहासाठी राहिले. यंदा चहाचा एकच कप निघाला आणि तो टेबलावर गेला, तुझ्या टॅबच्या शेजारी. मी चिखलाचे बूट दारात काढून आत आले तर मला म्हणाले की थांब, मध्ये बोलू नकोस, रंग येतोय. हिरवा म्हणजे ठेवा, पिवळा म्हणजे विचार करा आणि लाल म्हणजे विका, हे त्यांनी मला असं समजावून सांगितलं की मी जशी काही कालच या घरात आले.

आणि पहिला लाल कोणाला आला असेल? आपल्या बाईसाहेबांना! अकरा वर्षांची झाली, आजवर एक वर्ष रिकामं घालवलं नाही. गेट उघडलं की आधी बाईसाहेब, मग त्यांच्या मागून उरलेल्या सगळ्या. ती नसेल तर ऐंशी गाई एका कुरणातून दुसऱ्यात न्यायला माझा अर्धा दिवस जाईल. हे यंत्रात कुठे भरायचं ते अप्पांना सापडलं नाही, म्हणून त्यांनी भरलं नाही.

वैरणीचा ट्रकवाला आला, त्यालाही आत बोलावून टॅब दाखवला. माझ्या धाकटीनं केलंय, म्हणाले. तो बिचारा मान डोलावत होता आणि त्याचा चहा निवत होता. मी त्या वेळी बाहेर एका अडलेल्या कालवडीपाशी कोपरापर्यंत हात घालून उभी होते. वासरू सुखरूप निघालं, पण ते बघायला कोणी आलं नाही.

सरळच लिहिते, मी जळते आहे. तुला नवी सायकल आणली आणि मला तिला तेल द्यायचं काम दिलं, तेव्हापासूनचं हे जळणं आहे. मध्ये जरा विझलं होतं. तुझ्या यंत्रानं पुन्हा फुंकर घातली.

बाकी सगळं ठीक. नवरदेव तब्येतीनं उत्तम, काम कमी आणि खाणं जास्त. वळूच तो. फौजदार म्हातारा झालाय, पण अजून ट्रकवर भुंकतो. तू वेळेवर जेवत जा.

लोभ असावा, तेवढा मात्र यंत्रामार्फत पाठवू नये.

तुझी,
ताई

*

शहरातली खोली,
ता. १३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात पोचलं. मी ते फोटोकॉपीच्या मशीनमागे उभी राहून वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची बाई मशीन बिघडलं का म्हणून बघायला आली. सायकलीला तेल द्यायचं काम तुला मिळालं कारण मी तेल सांडलं असतं, हे तुलाही ठाऊक आहे.

आता माझी बाजू. यंत्र कोणाला नावं ठेवत नाही. एका बाजूला ते मांडतं की ही गाय आज विकली तर काय येईल. दुसऱ्या बाजूला, ठेवली तर पुढच्या वर्षांत किती वासरं देईल, ती किती वजनाची होतील, एखादं वर्ष भाकड जाण्याची भीती किती, आणि तिच्या जागी तरुण कालवड आणली तर काय फरक पडेल. दोन्ही बाजू तोलून रंग देतं. बाईसाहेबांचं वय झालंय, एवढंच त्याचं म्हणणं. रंग हा सल्ला आहे, हुकूम नाही. अप्पांना हुकूम वाटला तर तो माझा दोष नाही.

पण तू जळतेस म्हणालीस म्हणून आज मीही लिहून टाकते. अप्पा रविवारी टाकीवर चढून फोन करतात ते माझ्याशी गोड बोलायला, असं तुला वाटतं ना? ते मला विचारतात कशी आहेस, मी बरी आहे म्हणते, आणि मग उरलेला सगळा वेळ तू. ताईनं उलटं आलेलं वासरू सरळ केलं. ताईनं वाऱ्यात पडलेलं कुंपण एकटीनं उभं केलं. ताईनं नुसतं पाहून सांगितलं की ही कालवड नांदायची नाही, आणि तसंच झालं. मी चौथ्या मजल्यावर खिडकीत उभी असते, खाली लोकांच्या गाड्यांचे टप दिसतात, आणि कानात तुझं कौतुक चालू असतं. आमच्या ऑफिसात सगळे दिवसभर गाईंविषयी बोलतात, पण गाय फक्त चहाच्या मगावर आहे. मी इथे काय करते हे अप्पांनी मला कधी विचारलं नव्हतं. म्हणून मी हे यंत्र केलं, ताई. कंपनीसाठी केलं हे खरं, पण करताना डोळ्यांपुढे अप्पाच होते. ते ट्रकवाल्याला माझ्याविषयी काय बोलले ते तू रागानं लिहिलंस. मी ते एवढंच वाक्य चार वेळा वाचलं.

आता एक काम सांगते, चिडू नकोस. आमच्या साहेबांना मे महिन्यातल्या पशुपालकांच्या बैठकीत एक खराखुरा कळप दाखवायचा आहे, आणि मी आपला देते म्हटलं. पण अप्पांनी निम्मे रकाने मोकळे सोडलेत. बूट काढून एकदा त्या टेबलाशी बस आणि तेवढे भरून पाठव. तुझ्याशिवाय ते दुसऱ्या कोणाला जमायचं नाही. ही खुशामत आहे, पण खरी आहे.

फौजदारच्या डोक्यावरून हात फिरव. माझ्यावर लोभ ठेव, जळत जळत का होईना.

तुझी,
चिमणी

*

कुरणावरचं घर,
ता. २५ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

टेबलाशी बसले नाही. टॅब घेऊन वैरणीच्या खोलीत गेले आणि मिठाच्या पोत्यावर बसून सगळे रकाने भरले. आधी वाटलं होतं चुका काढीन. पण काढण्यासारखं फारसं नव्हतं. तू काम नीट केलंस, हे कबूल करताना दात दुखले.

काय काय विचारलंस तू! वैरण किती, मीठ किती, औषधं, डॉक्टरांची फेरी, कुंपणाच्या तारा, ट्रॅक्टरचं तेल. नवरदेवाला तर स्वतंत्र रकाना. दर वर्षी म्हातारा होत जातो म्हणून त्याची किंमत घटते, तीसुद्धा धरलेली. मला हसू आलं. फौजदारच्या खाण्याचा आकडा अप्पांनी आधीच भरला होता, आणि चांगला सढळ हातानं भरला होता.

मग शेवटून दुसरा रकाना आला. घरच्या माणसांची मेहनत. त्यात शून्य.

मला वाटलं राहून गेलं असेल. अप्पांकडे टॅब घेऊन गेले. ते म्हणाले की नाही, तिथे शून्य आधीपासूनच होतं, आणि ते त्यांना बरोबरच वाटलं. मी विचारलं की बरोबर कसं. तर म्हणाले, अगं तू घरचीच आहेस, तुला कुठे पगार द्यायचाय. वर हसले. प्रेमानं हसले, म्हणून तर जास्त लागलं.

चिमणे, कुत्र्याचा आकडा आहे. मिठाच्या खड्याचा आहे. तो आळशी वळू वर्षातले चार महिने काम करतो आणि आठ महिने सावलीत बसतो, त्याच्या म्हातारपणाचासुद्धा आहे. मी थंडीत पहाटे उठून पाण्यावरचा बर्फ फोडते, वासरांच्या दिवसांत कपडे न बदलता झोपते, आणि मी शून्य. तुझ्यावर जळायचं मी विसरलेच. आज मी फौजदारवर जळते आहे.

आणि ते शून्य आधीपासून होतं म्हणजे ते तुझं आहे. अप्पांनी नाही लिहिलं, तू लिहिलंस.

टेकडीपलीकडच्या शेजाऱ्यांनी गुरं बघायला माणूस ठेवलाय, तुला आठवत असेल, तोच तो शीळ घालत फिरणारा. मी त्याला कुंपणापाशी गाठून त्याचा पगार विचारला. राहायला खोली मिळते ती वेगळी. तो आकडा कागदावर लिहून सोबत जोडलाय. तोच माझ्या रकान्यात घाल. एक पैसा जास्त नको, एक पैसा कमी नको. मग बघू तुझ्या यंत्राचा रंग.

डॉक्टर पुढच्या आठवड्यात गाभण तपासणीला येताहेत. तेव्हा कळेल बाईसाहेब खऱ्या की तुझा लाल खरा.

लोभ तूर्तास राखून ठेवला आहे. उत्तर आलं की सोडीन.

ताई

*

शहरातली खोली,
ता. ५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शून्य माझंच आहे. यंत्र बनवताना प्रत्येक रकान्यात काहीतरी घालून ठेवावं लागतं, म्हणजे लोकांनी मोकळा सोडला तरी गणित अडत नाही. वैरणीचा दर मी बाजारातून आणला, मिठाचा दुकानातून. त्या रकान्याशी आले तेव्हा आपलं घर आठवलं, आणि हात आपोआप शून्याकडे गेला. क्षणभरही विचार केला नाही. आपल्या घरात तो आकडा कधी कोणी उच्चारलेलाच नव्हता. मला तुझी क्षमा मागायची आहे, पण ती पत्रात मागून भागणारी नाही. आले की मागीन.

तू पाठवलेला आकडा काल घातला. रंग बघितला आणि टॅब पालथा ठेवला. परत सरळ केला. कुठे चूक आहे का म्हणून पुन्हा सगळं तपासलं. चूक नाही.

ताई, सगळा कळप लाल झाला. बाईसाहेब एकट्या नाहीत, ऐंशीच्या ऐंशी. तुझी मेहनत धरली की पैदाशीचा कळप ठेवणं परवडत नाही, असं ते म्हणतं. गाई वर्षभर सांभाळायच्या, त्यांची वासरं काढायची, त्यापेक्षा गाई विकून टाका. गवत वर आलं की बाहेरून दूध सुटलेली वासरं विकत घ्या, कुरणावर वाढवा आणि गवत संपताना विका. म्हणजे अर्ध्या वर्षाचं काम, आणि तेही सोपं. थंडीत बर्फ फोडायला नको, अडलेल्या कालवडी नकोत. कागदावर हे इतकं शहाणपणाचं दिसतं की मला त्याचा रागच आला.

म्हणजे इतकी वर्षं तो कळप उभा होता तो तुझ्या शून्यावर. अप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. शून्य परत घालता येतं. एक बोट लावायचं, की बहुतेक गाई पुन्हा हिरव्या. तू म्हणशील तसं करीन.

आणखी एक लिहायचं आहे, ते लिहिलं नाही तर तुला तोंड दाखवता येणार नाही. सगळं लाल झालेलं बघितलं तेव्हा पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, मला बरं वाटलं. तुझ्याकडे जे आहे आणि माझ्याकडे कधी नव्हतं, ती कुंपणाची फळी, तो चहा, ते दोघांचं मिळून बघणं, ते माझ्या हातच्या यंत्रानं पुसून टाकलं असं मनात आलं, आणि बरं वाटलं. लगेच स्वतःचीच भीती वाटून टॅब पालथा ठेवला. पण आधी बरं वाटलं, ताई. मी इतकी जळते तुझ्यावर.

आता लोभ राहील की नाही ते तूच ठरव. मी मागत नाही.

चिमणी

*

कुरणावरचं घर,
ता. १६ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहिलाय तो मनापासून, हे आधी सांगते. तुझं पत्र मी वैरणीच्या खोलीच्या पायरीवर वाचलं आणि चुरगाळून गव्हाणीत टाकलं. मग धावत जाऊन काढलं, कारण नवरदेव समोरच होता आणि तो काहीही खातो. त्यामुळे एक कोपरा गेलाय. बाकीचं जपून ठेवलंय.

तुला बरं वाटलं. असू दे. मला काय वाटत होतं ते ऐक. तपासणीत बाईसाहेब गाभण निघावी म्हणून मी महिनाभर जीव टांगून बसले होते. तिच्या मायेनं नव्हे. ती गाभण निघाली असती तर तुझं यंत्र खोटं ठरलं असतं, आणि मी स्वतः टाकीवर चढून तुला फोन केला असता. डॉक्टरांनी हात बाहेर काढला आणि मान हलवली. भाकड. यंत्र बरोबर होतं. मी इतकी चिडले की डॉक्टरांना चहासुद्धा विचारला नाही. तेव्हा आपण दोघी सारख्याच. एका आईच्या आहोत, वेगळं काय निघणार.

आता कामाचं. शून्य परत घालू नकोस. डोळ्यांनी बघितल्यावर ते पुन्हा स्वतःच्या हातानं कसं लिहायचं? पण कळप जावा असंही मला वाटत नाही, हे तुला सांगायला नको. रात्रंदिवस तेच डोक्यात. मोजून घ्यावं तर गाई जातात, गाई ठेवाव्यात तर आपण कोणीच नाही. असा पेच शत्रूवरही येऊ नये.

शेवटी मी अप्पांपुढे जाऊन बसले आणि दोन्ही दाखवलं, शून्याचं आणि आकड्याचं. वाटलं होतं भडकतील, किंवा हसून सोडून देतील. त्यांनी चष्मा पुसला, खूप वेळ बघितलं, आणि एवढंच विचारलं की मग तुझ्या आईचा आकडा किती झाला असता. ते टोपी न घालताच बाहेर गेले. जेवायला आले ते ताट घेऊन बाहेर पायरीवर बसले. गेले काही दिवस असंच चाललंय. टॅब टेबलावरच आहे, पण आल्यागेल्याला दाखवणं बंद झालंय. खरं तर याचा मला आनंद व्हायला हवा होता. होत नाही.

मला कळप हवाय, चिमणे. आणि मला मोजलेलंही हवंय. दोन्ही मागणं हावरटपणा आहे का, ते तू तरी सांग.

लोभ सोडला आहे. पोचल्याचं कळव.

तुझी,
ताई

*

कुरणावरचं घर,
ता. २ मे

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर वाईट आहे, सावकाश वाच. हे बोलणं टाकीवर चढून करण्यासारखं नाही. शिवाय ताईनं मला टाकीवर चढायला बंदी केली आहे. आता इथे तिचा हुकूम चालतो. का, ते पुढे येईल.

तुझं यंत्र खरं बोलतं. मी ते माझ्या धाकटीनं केलं म्हणून लोकांना दाखवत होतो, वाचत मात्र नव्हतो. शून्य तू लिहिलं होतंस असं ताई म्हणते. तू लिहिलंस, पण मला ते बरोबर वाटलं, म्हणजे ते तू माझ्याकडूनच शिकलीस. तुझी आई या घरात आल्यापासून गोठ्यात राबली. तिचा रकानाच नव्हता. या उतारवयात ते कळलं, आता कोणाला सांगू.

पुष्कळ विचार करून पुढील बेत केला आहे. गाई सगळ्या ताईच्या नावावर करायच्या. नोकरासारखा पगार देऊन तिला मोजणं मला जमणार नाही, आणि ती घेणारही नाही. मालकीण झाली की जे उरेल ते तिचं, जे बुडेल तेही तिचं. तुझ्या यंत्रात तसं घालून बघितलं. ते म्हणतं की निदान काही वर्षं तिला टेकडीपलीकडच्या गुराख्याहून कमीच मिळेल. मी तिला ते मोठ्यानं वाचून दाखवलं, नंतर मला बोल नको. ती म्हणाली की चालेल, कमी मिळेल पण मोजून मिळेल.

मग मेहनतीच्या रकान्यात कोणाचं नाव, तर माझं. अजून गेटं उघडतो, वैरण टाकतो, तेवढं होतं. मी तिला विचारलं की मला किती देशील. म्हणाली, आजवर मला दिलंत तेवढंच.

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

पहिलं काम तिनं काय केलं असेल? या नव्या मांडणीतही लाल आणि पिवळ्या राहिल्या त्या मिळून पंचवीस गाई काढल्या. आहे त्या गवतात कमी गाई नीट पोसायच्या असं तिचं म्हणणं. त्यात बाईसाहेब पहिल्या. मीच रदबदली केली की राहू दे एक, सवयीची आहे. ऐकलं नाही. म्हणाली की भाकड गाय मायेनं ठेवायची चैन पगार न घेणाऱ्या माणसाच्या जिवावर होत होती. ट्रक आला, फळी लावली, आणि ट्रकमध्येही बाईसाहेबच आधी चढल्या, मग त्यांच्यामागून बाकीच्या. ताई तिथून हलली नाही. ट्रक वळेपर्यंत उभी होती. मी आत आलो.

आता तुझं. जमीन माझ्यामागे दोघींची, त्यात बदल नाही. पण गाईंतही तुझा अर्धा वाटा होता, तो या बेतात जातो. तुला न विचारता मी ते करणार नाही. सोबत कागद आहे. सही करावीशी वाटली तर कर. नाही केलीस तरी माझी मुलगी म्हणून तुझं वजन कमी होणार नाही. हे तोंडानं सांगायचं मला कधी जमलं नाही, म्हणून लिहितो आहे.

थंड पाणी पिऊ नकोस, घशाला होतं तुला. आशीर्वाद आहेतच, त्यांचा हिशोब मागू नकोस.

अप्पा

*

शहरातली खोली,
ता. ११ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सही केलेला कागद सोबत आहे. आज मालकीणबाईंना नमस्कार जरा वाकून केलाय, बघ.

सही केली, पण हसत केली नाही, हे तुला कळायला हवं. ज्या गाईंना मी वर्षानुवर्षं गवताची काडी टाकली नाही, त्यातला अर्धा वाटा जाणार म्हणून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. कशाला रडत होते देव जाणे. मला गाई नकोत, तुला माहीत आहे. मला त्यांच्या वासानंही शिंका येतात. पण आता सकाळी अप्पा चहा घेऊन त्या फळीशी येतील, आणि ते नुसतं विचारायला नाही, हुकूम घ्यायला. मी ते चित्र डोळ्यांपुढून घालवायचा खूप प्रयत्न केला. गेलं नाही. तू मोजली गेलीस आणि कळपही राखलास. दोन्ही मागणं हावरटपणा आहे का, असं विचारलं होतंस. आहे. पण तू मागितलंस, आणि मी इतकी वर्षं काहीच मागितलं नाही, हे माझं जळणं.

साहेबांना मी सांगितलं की तो रकाना यापुढे शून्य दाखवणार नाही. मोकळा सोडला तर यंत्र पुढे जाणारच नाही. ते म्हणाले की गिऱ्हाईक घाबरेल, अर्ध्या लोकांचे कळप लाल होतील. बरीच वादावादी झाली. शेवटी बैठकीत मी आपलाच कळप दाखवला, आधी हिरवा, मग लाल. मागच्या रांगेतल्या एका बाईनं नवऱ्याकडे मान वळवून असं काही बघितलं की तो खुर्चीत खाली सरकला. रकाना आता बदललाय.

त्यावरून मी काल आपला सगळा तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला, आणि ताई, तुझ्या रकान्याच्या खाली आणखी एक आहे, अगदी शेवटचा. सल्ल्याची फी. लोक तिथे डॉक्टरांची, हिशोबनिसाची, आमच्या कंपनीची फी भरतात. अप्पांनी तिथे स्वतःच्या हातानं शून्य भरलंय, आणि पुढे शेरा टाकलाय, धाकटी, घरचीच. मिठाच्या पोत्यावर बसून तू सगळे रकाने वाचलेस, हाही वाचला असशील. तुलाही तो बरोबरच वाटला असणार. मलाही वाटला होता, कालपर्यंत.

आता तो रकाना तुझा आहे. मला पैसे नकोत. एखादी कालवड माझ्या नावानं राखलीस तरी चालेल, शिंका मी सोसेन. नाहीतर थंडी सरताना, गाई निवडायच्या सकाळी, फळीवर तिसरा कप ठेव. मी रजा काढून येईन आणि मला विचारलंस तर चुकीचं सांगेन, मग तू नाही म्हण. तुला सुचेल तो आकडा घाल, कितीही लहान घाल. फक्त शून्य ठेवू नकोस.

आजवरचा लोभ जमेस धरून,

तुझी,
चिमणी